चांगला साप

चेन्नईच्या दक्षिण भागात गिंडी नावाचे एक गजबजलेले ठिकाण आहे. उपनगरी आगगाडी, मेट्रो आणि बसगाड्या यांची तेथे दिवसभर वर्दळ असते. स्थानकाबाहेर पाऊल टाकावे तो मोटारींचे भोंगे, इडली-वड्यांची लहान उपाहारगृहे, कारखान्यांकडे आणि महाविद्यालयांकडे धावणारी माणसे असा महानगराचा नेहमीचा संसार दिसू लागतो. याच गर्दीच्या कुशीत, एका भिंतीपलीकडे, रान आहे. सुमारे २.७ चौरस किलोमीटरच्या या रानाला १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. देशातील सर्वांत लहान राष्ट्रीय उद्यानांमध्ये त्याची गणना होते. पूर्वी गव्हर्नरच्या निवासस्थानाभोवती राखलेले हे वन शहर वाढत गेले तसे आक्रसत गेले. १९५९ मध्ये स्थापन झालेले आयआयटी मद्रास हेही याच वनाच्या जमिनीवर उभे आहे. तरीही उरलेल्या झाडोऱ्यात काळवीट आणि चितळ आजही चरतात आणि वडांच्या पारंब्या आपल्या संथ गतीने जमिनीकडे येत राहतात.

या गिंडीत एका पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातील एका खेड्यातली मुलगी येऊन राहिली. पुण्यास पर्यावरणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात ती शिकत होती. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दोन महिने एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करणे आवश्यक होते. लोकसहभागातून जैवविविधतेचे संवर्धन करणाऱ्या एका उपक्रमात तिला 'इंटर्न', म्हणजे शिकाऊ कार्यकर्ती, म्हणून जागा मिळाली. कार्यालय गिंडीत होते आणि काम मात्र चेंगलपट्टू जिल्ह्यातील इरुळ वस्त्यांमध्ये होते. कामाचा विषय कळला तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली. विषय होता साप.

तिच्या घरात साप हा शब्दही संध्याकाळनंतर कोणी उच्चारत नसे. कोकणातल्या चालीप्रमाणे रात्री त्याला 'लांबडे' म्हणत. श्रावणात नागपंचमीला आई भिंतीवर गंधाने नाग काढी, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवी. त्या दिवशी घरात काही चिरायचे नाही, तव्यावर काही भाजायचे नाही, शेतात नांगर धरायचा नाही. मात्र वर्षाचे उरलेले दिवस पडवीच्या कोपऱ्यात एक काठी उभी असे, आणि ती काठी कशासाठी आहे हे घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक होते. ही मुलगी आठ वर्षांची असताना, आषाढात भाताची लावणी चालू असताना, तिच्या काकांना बांधावर नाग चावला. त्यांना प्रथम शेजारच्या वाडीतील मांत्रिकाकडे नेले गेले. तेथे दोन तास गेले. नंतर जीप मिळवून त्यांना तालुक्याच्या गावी नेले. तेथे औषध होते; वेळ उरली नव्हती. त्या दिवसापासून काकू पडवीत येताना आधी काठीकडे पाही आणि मग जमिनीकडे.

पुण्याच्या ग्रंथालयात बसून अन्नसाखळीत सापाचे स्थान काय, हे त्या मुलीने अनेकदा लिहिले होते. उंदरांचा नाश करणारा शेतकऱ्याचा मित्र, असेही लिहिले होते. परंतु लिहिलेले आणि मानलेले यांत अंतर असते. गिंडीतल्या पहिल्या रविवारी ती वसतिगृहातून निघून राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या सर्पोद्यानात गेली. रोम्युलस व्हिटेकर या सर्पतज्ज्ञाने उभारलेले हे उद्यान १९७२ पासून गिंडीत आहे. काचेपलीकडे एक नाग वेटोळे घालून स्वस्थ पडला होता. शाळकरी मुले काचेला नाक लावून त्याला पाहत होती. एका आजीने हात जोडले आणि तमिळमध्ये काही म्हटले. तिने शेजारच्या तरुणीला विचारले तेव्हा कळले, की तमिळ भाषेत नागाला 'नल्ल पाम्बु' म्हणतात. नल्ल म्हणजे चांगला आणि पाम्बु म्हणजे साप. चांगला साप! ती काचेपासून दोन पावले मागे सरकली. तिला हे नाव मुळीच पटले नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून वस्त्यांवर जाणे सुरू झाले. सकाळी गिंडीहून चेंगलपट्टूच्या दिशेने जाणारी बस पकडायची आणि पुढे पायी जायचे. सोबत संस्थेतील एक अनुभवी तमिळ कार्यकर्ती असे. सगळे तिला 'अक्का' म्हणत, म्हणून हीही अक्का म्हणू लागली. दुभाषाचे काम अक्काच करी. इरुळ हा तमिळनाडूतील एक आदिवासी समाज. साप, उंदीर, मध आणि औषधी वनस्पती यांचे त्यांचे ज्ञान पिढ्यानुपिढ्या चालत आलेले आहे. त्यांच्याविषयीची माहिती मुलीने आधीच वाचली होती, ती अशी. विसाव्या शतकात सापाच्या कातड्यांचा मोठा व्यापार चाले. इरुळ साप पकडून देत, व्यापारी कातडी परदेशी पाठवीत. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७६ मध्ये कातड्यांच्या निर्यातीवर बंदी आली. साप वाचले, हे योग्यच झाले. परंतु ज्या माणसांना दुसरे कोणतेही काम येत नव्हते, त्यांच्या चुली विझल्या. कायद्याने एका जीवाला अभय दिले आणि दुसऱ्याचे पोट उघडे पडले.

या कोंडीतून एक वाट निघाली. १९७८ मध्ये इरुळ सर्पपकड्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. महाबलीपुरमच्या वाटेवर, चेन्नईपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या वडनेम्मेली येथील मगर उद्यानाच्या आवारात तिचे केंद्र आहे. कल्पना साधी होती. साप मारून त्याचे कातडे एकदाच विकता येते. साप जिवंत ठेवला तर त्याचे विष मिळते, आणि त्या विषापासून सर्पदंशावरचे औषध बनते. वनविभागाच्या परवान्याने, ठरवून दिलेल्या संख्येइतकेच साप सभासद आणतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारच जाती घेतल्या जातात. साप मातीच्या मडक्यात ठेवतात. मडक्यात वाळू आणि तोंडाला सुती कापड. सुमारे चार आठवड्यांत चार वेळा विष काढले जाते आणि मग साप पुन्हा रानात सोडला जातो.

हे सारे वाचलेले होते. प्रत्यक्ष पाहिले ते एका सकाळी, भाताच्या कोरड्या खाचरांच्या बांधावर. संस्थेचा एक मध्यमवयीन सभासद आणि त्याची म्हातारी आई असे दोघे पुढे चालले होते. म्हातारीला सगळे 'पाट्टी' म्हणत. पाट्टी म्हणजे आजी. दोघांच्याही पायांत काही नव्हते. हातात एक पहार आणि खांद्यावर कापडी पिशवी एवढेच साहित्य. मुलीच्या पायांत मात्र गुडघ्यापर्यंतचे बूट होते आणि तरीही ती प्रत्येक पाऊल जपून टाकीत होती.

पाट्टी एका बिळापाशी थांबली. बिळाच्या तोंडावर कोळ्याचे बारीक जाळे होते. तिने मान हलवली. जाळे शाबूत आहे, म्हणजे आत-बाहेर कोणी केलेले नाही. घर रिकामे आहे. पुढच्या बिळाची कड गुळगुळीत झालेली होती आणि शेजारी कातीचा एक तुकडा पडला होता. पाट्टीने तो उचलला, बोटांत चुरगळला आणि मुलाला काही सांगितले. कात अजून मऊ होती. पहारीने माती हळूहळू उकरली गेली. आत शेपूट दिसले. त्या माणसाने घाई केली नाही, बळ लावले नाही. पाण्यातून दोरी ओढावी तसा साप बाहेर घेतला. नाग होता. त्याने फणा काढला. मुलीच्या छातीत काकांच्या अंगावरून ओढलेली ती पांढरी चादर हलली.

त्या माणसाने सापाचे पोट उलटून पाहिले. पोटाखालच्या खवल्यांपैकी एक खवला कापलेला होता. त्याने आईकडे पाहिले, आईने मान डोलावली आणि त्याने तो नाग त्याच बांधावर खाली ठेवून सोडून दिला. नाग वारुळाच्या झुडपात निघून गेला.

मुलीला अर्थ कळेना. तासाभराची मेहनत, परवान्यातला एक साप, त्याचे पैसे हे सारे डोळ्यांदेखत सोडून दिलेले. अक्काने विचारले तेव्हा तो माणूस सहज म्हणाला, "याच्याकडून आधी घेतले आहे. खूण आहे. आता दुसऱ्याची पाळी." विष काढून सोडताना सापाच्या पोटाचा एक खवला अलगद कापून खूण करतात, साप कात टाकत जातो तशी ती खूण पुसट होत जाते. खूण दिसते तोवर त्याला पुन्हा त्रास द्यायचा नाही. तेथे तपासायला कोणी अधिकारी नव्हता. मुलगी त्या दिवशी वहीत बराच वेळ काही लिहू शकली नाही.

तिच्या हाती एक तक्ता होता. कोणता साप कोठे सापडला, कोणत्या ऋतूत, जमीन कशी, भोवती कोणती झाडे, त्या झाडांचे वस्तीत काय उपयोग केले जातात, असे त्यात रकाने होते. ती रकाने भरू लागली. सापांविषयी पाट्टी भरभरून सांगे. घोणसीला त्या 'कण्णाडी विरियन' म्हणतात. कण्णाडी म्हणजे आरसा, अंगावरच्या चकाकत्या गोल ठिपक्यांमुळे. फुरसे हे 'सुरुट्टै विरियन', वेटोळ्यांत गुंडाळलेले. मुलगीही आपल्याकडची नावे सांगे आणि पाट्टी ती उच्चारून पाही. मात्र वनस्पतींच्या औषधी उपयोगांचा रकाना आला आणि पाट्टी थांबली. तिने विचारले, "कण्णु, तू हे लिहून घेतेस. हा कागद मग कोणाकडे राहतो?"

प्रश्न साधा होता आणि मुलीला उत्तर येत नव्हते. कागद संस्थेकडे जाईल, तेथून संगणकात, मग तिच्या प्रबंधात. पाट्टीकडे काय राहील? पाट्टीला अक्षर येत नव्हते. पिढ्यांनी जपलेले ज्ञान तिच्या जिभेवर होते. ते एकदा कागदावर उतरले, की त्याच्यावर नाव दुसऱ्याचे लागणार होते.

संध्याकाळी गिंडीच्या कार्यालयात परतल्यावर तिने हा प्रश्न मार्गदर्शक बाईंपुढे ठेवला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी तिच्यापुढे २००२ चा जैविक विविधता कायदा ठेवला. गावाची जैवविविधता गावाने नोंदवावी, त्या नोंदीवर गावाच्या समितीचा अधिकार असावा आणि त्या ज्ञानातून कोणाला लाभ झाला तर त्यातील वाटा ज्ञान देणाऱ्यांना मिळावा, अशी त्या कायद्याची भूमिका आहे. लोकजैवविविधता नोंदवहीची ही कल्पना रुजवण्यात पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा होता, हे तिला ठाऊक होते. परीक्षेत तिने त्यावर पाच गुणांचे उत्तर लिहिले होते. या कायद्यासाठी नेमलेले राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण तर गिंडीपासून जवळच, तरमणी येथे आहे. बाईंनी केरळातील कानी आदिवासींचे उदाहरणही सांगितले. थकवा घालवणारी एक वनस्पती त्यांनी शास्त्रज्ञांना दाखवली, तिच्यापासून 'जीवनी' नावाचे औषध तयार झाले आणि त्याच्या परवाना-शुल्काचा अर्धा वाटा कानी समाजाला देण्याचे ठरले. भारतात लाभाच्या वाटणीचे ते सुरुवातीचे उदाहरण मानले जाते. "पण कायदा पुस्तकात असतो," बाई म्हणाल्या, "आणि विश्वास बांधावर कमवावा लागतो. तक्ता कसा भरायचा ते तूच ठरव."

पुढच्या खेपेला मुलीने तक्त्याची तमिळ प्रत अक्काकडून लिहून घेतली आणि ती वस्तीत सर्वांसमोर वाचून दाखवायला लावली. कोणती नोंद राहावी आणि कोणती राहू नये हे वस्तीने ठरवले. सापांच्या नोंदी राहिल्या. तीन वनस्पतींचे उपयोग वगळले गेले. तमिळ प्रत पाट्टीच्या नातीच्या दप्तरात ठेवली गेली, कारण त्या घरात वाचता येणारी तीच होती. अहवालात तो रकाना रिकामा राहिला. परीक्षेत रिकाम्या रकान्याला गुण नसतात, ही भीती मुलीला होतीच. तिने रकान्याखाली एक ओळ लिहिली : 'माहिती देणाऱ्यांच्या इच्छेने नोंद केलेली नाही.' त्या दोन महिन्यांत तिने लिहिलेली ही सर्वांत प्रामाणिक ओळ होती.

वस्तीचे चित्र सारेच सुंदर नव्हते. अनेक घरांना आपल्या जागेचा कागद नव्हता. भातगिरण्यांत आणि वीटभट्ट्यांत कर्जापायी अडकून वेठबिगारासारखे राबलेली कुटुंबे या समाजात आहेत. सर्पपकड्यांच्या तरुण मुलांना शहरातली पगाराची नोकरी हवी असते आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. इरुळ समाजातील वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोघांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यापूर्वी २०१७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने माजलेले अजगर शोधण्यासाठी त्यांना बोलावले होते. त्या बातमीचे कात्रण एका झोपडीच्या कुडाला चिकटवलेले होते. त्याच झोपडीचे छप्पर गळत होते.

परतण्याच्या आधीच्या आठवड्यात मुलगी वडनेम्मेलीला गेली. पर्यटकांसमोर विष काढण्याचे प्रात्यक्षिक चालू होते. सापाचे तोंड पातळ पडदा ताणलेल्या काचपात्राच्या कडेला लावले जाई आणि पिवळसर थेंब खाली उतरत. हे विष गोठवून, वाळवून, त्याची भुकटी करतात. मग औषधनिर्मात्यांकडे तिची अत्यल्प मात्रा हळूहळू वाढवत घोड्यांना टोचतात, घोड्यांच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि त्यांपासून प्रतिसर्पविष बनते. १८९० च्या दशकात आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने घालून दिलेली ही पद्धत मुळात आजही तीच आहे. भारतात या औषधासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा भाग याच सहकारी संस्थेकडून जात आला आहे. ते घेणाऱ्यांची नावे ऐकताना एका नावापाशी तिचे कान टवकारले. मुंबईचे हाफकिन! परळच्या त्या जुन्या संस्थेचे नाव कोकणातल्या घराघरांत ठाऊक असते.

काकांना त्या दिवशी टोचलेल्या औषधात याच बांधांवरच्या नागाचे विष उतरले असेल का? असेल, किंवा नसेलही. पण असू शकते, एवढ्याने तिच्या मनातील काहीतरी जागचे हलले. ज्याने मारले आणि ज्याने वाचवले असते, ते दोन्ही एकच होते. मध्ये कमी पडले ते दोन तास. भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मृत्युमुखी पडली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. त्यांतील बहुतेक खेड्यांत राहणारी. एकाच जातीच्या सापाचे विष निरनिराळ्या प्रदेशांत निराळे असते, म्हणून दक्षिणेतील विषापासून बनलेले औषध सर्वत्र सारखेच प्रभावी ठरत नाही, हेही अलीकडच्या संशोधनातून दिसून आले आहे. म्हणजे असे साप जाणणारी आणि जपणारी माणसे एकाच जिल्ह्यात असून भागणार नाही. ती ठिकठिकाणी हवीत.

नागपंचमी त्याच आठवड्यात आली. आईचा फोन आला. "आज काही चिरू नकोस हो," आई म्हणाली. मुलगी हसली. मग तिने सांगितले, की येथे नागाला चांगला साप म्हणतात. पलीकडे बराच वेळ शांतता होती. फोन काकूने घेतला होता. "चांगला?" काकू एवढेच म्हणाली. त्या एका शब्दापुढे मुलीला आपला सगळा अहवाल तोकडा वाटला. तिने वाद घातला नाही. ज्याचे माणूस गेले आहे, त्याला अन्नसाखळी समजावून सांगू नये, हे ती आता शिकली होती.

थोड्या वेळाने काकूनेच विचारले, "ते लोक रोज धरतात म्हणतेस, मग त्यांना चावला तर काय करतात?"

"पळत नाहीत, काकू. चावलेला भाग हलवत नाहीत. कापत नाहीत, आवळून बांधत नाहीत. मांत्रिकाकडे वेळ घालवत नाहीत. सरळ दवाखाना."

"सरळ दवाखाना," काकूने पुन्हा म्हटले.

पुढच्या श्रावणात मुलगी घरी होती. आईने नेहमीप्रमाणे भिंतीवर गंधाने नाग काढला होता. त्याच्या शेजारी, काकूच्या वळणदार अक्षरांत, दोन ओळी कोळशाने लिहिलेल्या होत्या : रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक आणि प्रतिसर्पविष मिळते त्या जवळच्या दवाखान्याचे नाव. वाडीतल्या चार घरांच्या भिंतींवर तशाच ओळी दिसत होत्या. पडवीच्या कोपऱ्यातली काठी मात्र अजून तेथेच होती. मुलीने ती पाहिली आणि काही म्हटले नाही. भीती एका पावसाळ्यात जात नाही. पण त्या वर्षी बांधावर नाग दिसल्याची ओरड झाली तेव्हा काकू काठी न उचलता अंगणात उभी राहिली आणि मुलांना म्हणाली, "मागे सरा. जाऊ द्या त्याला."